अठ्ठ्याहत्तर आठवडे : निवृत्तीनंतर परदेशी सेवेला जाणाऱ्या जोडप्यांचा इतिहास



अमेरिकेतलं साठी-सत्तरीचं एक जोडपं डोळ्यांसमोर आणा. मुलांची लग्नं झाली आहेत, नातवंडं शाळेत जातात, घराचं कर्ज फिटलं आहे. हे दोघं एक दिवस घराला कुलूप लावतात आणि दीड वर्षासाठी मंगोलियात, घानात नाहीतर जॉर्डनमध्ये जाऊन राहतात. पगार नाही. उलट राहण्याजेवण्याचा खर्च स्वतःच्या खिशातून. तिथे ते कुठे विहिरीच्या कामाचे कागद तयार करतात, कुठे व्हीलचेअरच्या कार्यक्रमाची जुळवाजुळव करतात, कुठे दाईंच्या प्रशिक्षणासाठी हॉल शोधत फिरतात. आणि दर आठवड्याला घरी पत्र लिहितात.

तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या व्याख्यानात याचं काय काम? काम आहे. कारण हा जो माणूस आहे, निवृत्त झालेला, स्वतःच्या पैशाने आलेला, ठरावीक मुदतीचा मिशनरी, आणि तोही जोडीने, हा इतिहासात अगदी अलीकडचा आहे. दोनशे वर्षांपूर्वी असा माणूस असूच शकत नव्हता. तो का नव्हता, नंतर कसा झाला, आणि त्याच्या आठवड्यात नेमकं काय घडतं, हे आज बघू. आणि शेवटी एक प्रश्न विचारू : या पत्रांमध्ये कोण दिसतं आणि कोण दिसत नाही?

'मिशनरी' हा शब्द आपल्याकडे शांतपणे ऐकला जात नाही, याची मला कल्पना आहे. धर्मांतराचा वाद त्याला चिकटलेला आहे. त्या वादाला मी बगल देणार नाही. पण आधी माणसं बघू.

सुरुवात आपल्याच दारापासून करू. फेब्रुवारी १८१३. गॉर्डन हॉल, सॅम्युअल नॉट आणि नॉट यांची पत्नी अशी तीन अमेरिकन माणसं मुंबईत उतरली. ईस्ट इंडिया कंपनीला ती नको होती. त्यांना परत धाडायची तयारी चालली होती. ती कशीबशी राहिली आणि त्यातूनच पुढे 'अमेरिकन मराठी मिशन' उभं राहिलं. पण त्यांचं वय बघा. सगळे विशी-तिशीतले. नॉट पती-पत्नी प्रकृतीच्या कारणाने १८१५ साली परत गेले. हॉल टिकले, मराठी शिकले, आणि १८२६च्या मार्चमध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर असताना पटकीने गेले. तेव्हा त्यांनी बेचाळिशीही गाठली नव्हती.

म्हणजे त्या काळचा मिशनरी तरुणपणी यायचा आणि जन्मभरासाठी यायचा. जहाजाला महिनोन्महिने लागत. परत जाण्याची खात्री नाही. पत्र पोचून उत्तर यायला वर्ष लागलं तरी नवल नाही. अशा प्रवासाला पासष्ट वर्षांच्या माणसाला कोण पाठवेल? म्हातारा मिशनरी तेव्हाही होता, पण तो इथेच म्हातारा झालेला असे.

याचं उत्तम उदाहरण अहमदनगरचं, आजच्या अहिल्यानगरचं. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचा जन्म १८४७चा, आणि जन्मगाव मुंबई. वडीलही मिशनरी. शिक्षणासाठी अमेरिकेला गेले, १८७४ साली परत आले आणि पुढची सुमारे पन्नास वर्षं नगरला राहिले. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर त्यांनी केटी फेअरबँक यांच्याशी लग्न केलं. त्याही नगर भागातल्याच मिशनरी घरातल्या लेक. आता सांगा, या जोडप्याला 'परदेश' कुठला? अमेरिका की नगर?

१८९९-१९००चा दुष्काळ हा त्यांच्या आयुष्यातला मोठा काळ. उपाशी माणसांना काम देणं, धान्य पुरवणं, अनाथ मुलांची सोय करणं, हे सगळं त्यांच्या अंगावर आलं. ह्यूम तेव्हा पन्नाशी ओलांडलेले. या कामासाठी सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. त्यांना मराठी येत होती, गावं पायाखालची होती, माणसं नावानिशी ठाऊक होती. जन्मभर राहण्याचा हा फायदा.

पण त्याला दुसरी बाजूही आहे. जो जन्मभर राहतो तो मालकही होतो. शाळा त्याची, बंगला त्याचा, नोकरी देणारा तो, शिफारसपत्र लिहिणारा तो. गावातल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या दोन-दोन पिढ्या एकाच 'साहेबां'च्या हाताखाली वाढलेल्या असत. सूत्रं स्थानिक माणसांच्या हाती देण्याची चर्चा मिशनमध्ये होत असे, पण प्रत्यक्षात ती जायला दशकं लागली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे परत यायचं आहे.

त्या काळचा आठवडा कसा असे? आपल्याकडे आठवड्याला आधीच एक घाट होता : आठवडे बाजार. या गावचा मंगळवारी, त्या गावचा शनिवारी. मिशनऱ्यांचे दौरे याच बाजारांभोवती आखले जात, कारण पाच-पंचवीस गावांची माणसं एका जागी भेटत. आणि त्यावर त्यांनी स्वतःचा रविवार बसवला : उपासना, बायबलवर्ग, काम बंद. रविवारची सुट्टी नंतर आपल्या सगळ्यांचीच झाली, पण ती कुणा मिशनने दिली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी लढून १८९० साली ती मिळवली, आणि त्यांच्या मागणीत खंडोबाचा वार हेही कारण होतं! एकच रविवार, पण त्यात कोणी काय ओतलं ते वेगळं. आठवडा हा दिसतो तेवढा साधा नसतो, तो असा.

आता म्हातारं जोडपं तयार कसं झालं, ते बघू. त्यासाठी चार गोष्टी जमून याव्या लागल्या.

पहिली, निवृत्ती. काम थांबवायचं एक वय असतं आणि त्यानंतर पैसे येत राहतात, ही कल्पनाच नवी आहे. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचा कायदा १९३५चा. त्यात पासष्ट हे वय ठरलं. त्याआधी शेतकरी मरेपर्यंत शेतकरीच असे. दुसरी, आयुर्मान. पासष्टीनंतर धडधाकट वर्षं शिल्लक राहू लागली. तिसरी, विमान. १९५०च्या दशकाच्या अखेरीस जेट विमानं अटलांटिक ओलांडू लागली आणि महिन्यांचा प्रवास तासांवर आला. आजारी पडलं तर दोन दिवसांत घरी येता येतं, हा दिलासा म्हाताऱ्या माणसाला फार मोठा असतो. चौथी गोष्ट सहज लक्षात येत नाही : ठरावीक मुदत. 'दोन वर्षं जा आणि परत ये' ही घडी १९६१ साली सुरू झालेल्या पीस कोअरने लोकांच्या अंगवळणी पाडली. सेवा म्हणजे संन्यास नाही. तिला सुरुवात आहे आणि शेवटही आहे.

पीस कोअर ही सरकारी योजना, धर्माशी संबंध नाही, पण तिथला एक दाखला आपल्या जवळचा आहे. लिलियन कार्टर. जन्म १८९८चा, व्यवसायाने परिचारिका, नवरा वारलेला. १९६६ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्या पीस कोअरमधून मुंबईला आल्या आणि विक्रोळीला गोदरेजच्या वसाहतीत काम करू लागल्या. आधी कुटुंबनियोजन, मग दवाखाना. १९६८ साली परत गेल्या. तेव्हा त्यांना कोणी ओळखत नव्हतं. मुलगा जिमी राष्ट्राध्यक्ष झाला १९७७ साली, आणि त्याच वर्षी विक्रोळीहून घरच्यांना लिहिलेली त्यांची पत्रं पुस्तकरूपाने आली. आपल्या विषयातला मुख्य पुरावा इथेही तोच आहे : घरी लिहिलेलं पत्र.

लिलियनबाई एकट्या होत्या. जोडीने जाण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर बसवली ती 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' या पंथाने. लोक त्यांना मॉर्मन म्हणतात. स्थापना १८३०, न्यूयॉर्क राज्यात. मुख्यालय युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत. कोऱ्या पांढऱ्या शर्टावर काळी नावाची पट्टी लावून जोडीजोडीने फिरणारी त्यांची तरुण मुलं जगभर दिसतात. ज्येष्ठ जोडप्यांचं गणित निराळं आहे. घरी अवलंबून असलेली मुलं नसावीत, प्रकृती बरी असावी, आणि मुदत सहा, बारा, अठरा किंवा तेवीस महिन्यांची. दारोदार जाण्याची त्यांच्यावर सक्ती नाही. तरुण मिशनऱ्यांना २०१९पर्यंत घरी फोन करायला वर्षातून दोनच दिवस मोकळे असत, नाताळ आणि मातृदिन. आजी-आजोबांना असं बंधन नव्हतं.

या जोडप्यांवर किती भिस्त होती, याचा एक प्रसंग सांगतो. या पंथाने आफ्रिकी वंशाच्या पुरुषांना पौरोहित्याचे अधिकार नाकारले होते. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ चाललेली ही बंदी जून १९७८मध्ये उठली. हा त्यांच्या इतिहासातला काळा भाग आहे आणि तो झाकायचं कारण नाही. बंदी उठल्यावर नोव्हेंबरमध्ये नायजेरिया आणि घानाला कोणाला पाठवलं? तरुणांना नाही. रेंडेल आणि रेचेल मेबी, एडविन आणि जॅनथ कॅनन अशा दोन वडीलधाऱ्या जोडप्यांना. रेंडेल मेबी तेव्हा सत्तर वर्षांचे होते.

आणि तिथे पोचल्यावर त्यांना काय दिसलं? घानात बिली जॉन्सन नावाचे गृहस्थ १९६४पासून स्वतःच मंडळ्या चालवत होते. कोणी पाठवलं नाही, कोणी पैसे दिले नाहीत. हातात आलेली पुस्तकं वाचून त्यांनी माणसं जमवली आणि चौदा वर्षं वाट पाहिली. म्हणजे 'पहिले मिशनरी आले आणि काम सुरू झालं' असं जे आपण वाचतो, तिथे पाहुणे यायच्या आधीच काम सुरू होतं. हाही धागा धरून ठेवा.

मदतकार्याचा धागा याच सुमाराला जाड होत गेला. जानेवारी १९८५मध्ये इथिओपियाच्या दुष्काळासाठी या पंथाने अमेरिका आणि कॅनडात एक दिवस उपास पुकारला. उपासाच्या दिवशी वाचलेल्या जेवणाचे पैसे दान करायचे, ही त्यांची जुनी दरमहाची रीत. त्या एका रविवारी साठ लाख डॉलरहून जास्त जमले. इतका पैसा आला की तो नीट खर्च करणारी माणसं लागतात. कोटेशन मागवणारी, पावत्या तपासणारी, सरकारी कचेरीत तासभर बाकावर बसायची तयारी असलेली माणसं. ती कुठून आणायची? निवृत्त मुख्याध्यापक, निवृत्त परिचारिका, निवृत्त शेतकरी, निवृत्त हिशेबनीस. मानवतावादी काम करणारी ज्येष्ठ जोडपी वाढत गेली, त्यामागे ही अगदी व्यवहारी गरज आहे.

आता एका ठिकाणी थोडं थांबू : मंगोलिया, १९९२.

सोव्हिएत संघ कोसळला होता. मंगोलियाला तिथून मिळणारी मदत एका झटक्यात आटली. उलानबातरमध्ये शिधापत्रिकेवर पीठ आणि मांस मिळत होतं, दुकानांची फडताळं रिकामी होती. जगातली सर्वांत थंड राजधानी ती. जानेवारीच्या रात्री पारा उणे तीसच्या खाली जातो, आणि घरं ऊबदार ठेवतात कोळशाच्या वीजकेंद्रांतून पाइपने येणाऱ्या गरम पाण्यावर. त्याच वर्षी नवी राज्यघटना आली होती. विद्यापीठांची घडी रशियन धर्तीची होती, ती बदलायची होती, इंग्रजी शिकवायचं होतं. सरकारला मदत हवी होती. सप्टेंबर १९९२मध्ये सहा अमेरिकन जोडपी तिथे पोचली. प्रमुख होते केनेथ बीझ्ली, सॉल्ट लेक सिटीतल्या एका कॉलेजचे माजी अध्यक्ष. काम : विद्यापीठांत इंग्रजी शिकवणं आणि उच्च शिक्षणाबद्दल सल्ला देणं.

इथे वारांची एक गंमत सांगतो. जुन्या मंगोल भाषेत वारांची नावं बौद्ध ग्रंथांबरोबर गेलेली संस्कृत नावं आहेत. आदित्यचं 'आद्या', सोमचं 'सुम्या', मंगळाचं 'अंगारग', म्हणजे आपला अंगारक. बृहस्पतीचं 'बारखासबाद', शुक्राचं 'सुगर'. आज ही नावं मुख्यतः ग्रहांना उरली आहेत. रोजच्या बोलण्यात सोमवार म्हणजे 'पहिला दिवस', मंगळवार 'दुसरा दिवस' असं चालतं. आणि शनिवार-रविवार? शनिवार हा 'अर्धा चांगला दिवस' आणि रविवार हा 'पूर्ण चांगला दिवस'! कामगाराला अर्धी सुट्टी आणि पूर्ण सुट्टी, त्यावरून.

तर अशा देशात या जोडप्यांनी आपला आठवडा बसवला. आणि लक्षात घ्या, कसोटीही आठवड्याचीच होती. सोमवार ते शुक्रवार ते वर्गात शिक्षक होते. रविवारी ते एका पंथाचे अनुयायी होते. शिक्षक म्हणून बोलावलेला माणूस रविवारी धर्म सांगतो, हे चालेल का? पहिला बाप्तिस्मा १९९३च्या सुरुवातीला झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस मंगोलियाने धर्मसंस्था आणि राज्य यांच्या संबंधांचा कायदा केला आणि बौद्ध, इस्लाम आणि शामान परंपरांचं स्थान अधोरेखित केलं. सरकारची काळजी समजण्यासारखी आहे. सत्तर वर्षं धर्म दडपलेला देश. दार उघडलं की कोण कोण आत येतं, हे बघणं भागच होतं. मदत आणि प्रचार यांच्यामधली भिंत आठवड्याच्या वारांमध्ये उभी करायची, आणि ती किती पक्की आहे हे समोरच्याने रोज तपासायचं, असं ते नातं होतं.

काही देशांत ही भिंत जास्त उंच असते. जॉर्डनसारख्या ठिकाणी मदतकार्याला गेलेल्या जोडप्यांनी धर्माचा प्रचार करायचाच नाही, ही अट असते. अनेक अरब देशांत त्यांची उपासनाही रविवारी होत नाही. तिथली साप्ताहिक सुट्टी शुक्रवारची, म्हणून मंडळी शुक्रवारी जमते. दोन हजार वर्षांचा रविवार तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये शुक्रवारवर सरकतो, आणि कोणाचं काही बिघडत नाही!

आता नेहमीचा आठवडा बघू. एका विशिष्ट जोडप्याचा मी सांगत नाही, सर्वसाधारण क्रम सांगतो. सोमवार-मंगळवार कचेरीचे : अर्ज वाचायचे, तीन-तीन दुकानांची कोटेशनं मागवायची, प्रस्ताव लिहून विभागीय कार्यालयाकडे पाठवायचा. मधले दोन दिवस बाहेरचे : दवाखाना, शाळा, बोअरवेलची जागा, आरोग्य खात्याचा अधिकारी. आजोबा गाडी चालवतात आणि आजी कागद सांभाळते, किंवा उलट. एक दिवस तयारीचा : धुणं, बाजार, बँक, दुरुस्त्या. एखाद्या संध्याकाळी तरुण मिशनरी पोरं जेवायला, कारण त्यांना घरची आठवण येत असते. रविवारी उपासना. आणि मग पत्र.

बहुतेक काम कंटाळवाणं आहे, हे लक्षात आलं ना? ते तसंच असायला हवं. एक उदाहरण घेऊ. जन्मलेल्या दर दहा बाळांपैकी साधारण एकाला श्वास सुरू करायला थोडी मदत लागते. पुसणं, चोळणं, गरज पडली तर मास्क लावून पिशवीने हवा देणं. पहिल्या एका मिनिटात हे झालं पाहिजे. दाईंना आणि परिचारिकांना हे शिकवणारे कार्यक्रम जगभर चालतात. २०१० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने इतरांबरोबर त्याचा एक सुटसुटीत अभ्यासक्रमच काढला, आणि या पंथाची मदतसंस्था त्यात भागीदार झाली. शिकवायला तज्ज्ञ डॉक्टर येतात आणि थोड्या दिवसांत परत जातात. मग जोडप्याने काय केलं? सरावाच्या बाहुल्या कस्टममधून सोडवल्या. हॉल ठरवला. खात्याची परवानगी घेतली. कोणत्या दाईला कुठल्या गावाहून कोणत्या बसने यायचं, ते बघितलं. बाळ वाचवणारं ते मिनिट दाईचं असतं. त्या मिनिटामागचे कित्येक आठवडे या कागदांचे असतात.

व्हीलचेअरचंही तसंच. वाटायला सोपी वस्तू वाटते ना? फोटोही छान येतो. पण आखूड माणसाला लांब खुर्ची दिली, खाली योग्य उशी नसली, तर ज्याला कमरेखाली संवेदना नाही त्याला बसून बसून जखमा होतात, आणि त्या जखमा जीव घेऊ शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली याबद्दल मार्गदर्शक सूत्रं काढली : मोजमाप घ्या, बसवून बघा, वापर शिकवा, नंतर पाठपुरावा करा. म्हणजे आधी थेरपिस्ट तयार करायचा, मग खुर्ची. वाटप एका दिवसात होतं, पाठपुराव्याला माणूस तिथलाच लागतो.

तिसरं उदाहरण पाण्याचं, आणि ते आपल्याला परत महाराष्ट्रात आणतं. १९६०-७०च्या दशकांत आपल्याकडे दुष्काळी भागात बोअर घेतले गेले. बहात्तरचा दुष्काळ अनेकांनी घरातल्या माणसांकडून ऐकला असेल. बोअरवर जे बिडाचे हातपंप बसवले ते मुळात पाश्चात्त्य देशांतल्या एका कुटुंबाच्या अंगणासाठी होते. त्यांच्यावर अख्खं गाव तुटून पडलं. पंप मोडले, आणि बहुसंख्य बंद पडले. जालन्याच्या मिशनने पोलादी, एका आसावर चालणारा मजबूत पंप तयार केला. पुढे सोलापूरला त्यात आणखी सुधारणा झाली, तो 'सोलापूर पंप'. युनिसेफ आणि भारत सरकारने सत्तरच्या दशकात हाच पाया धरून 'इंडिया मार्क टू' उभा केला. आज जगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या हातपंपांपैकी तो एक आहे, आणि आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत तो दिसतो. युटाहून आलेलं जोडपं घानातल्या एखाद्या गावात ज्या पंपाच्या उद्घाटनाला उभं राहतं, त्याचं कूळ सोलापूरचं असू शकतं.

आता माझा मुद्दा. या पंपाची हकीकत जिथे जिथे येते तिथे युनिसेफचं नाव असतं, सरकारचं असतं, जागतिक आरोग्य संघटनेचं असतं. आणि सोलापूर पंप कोणी घडवला याबद्दल नेहमीचं वाक्य काय? 'एका स्वशिक्षित भारतीय मेकॅनिकने.' बस, एवढंच. ज्याच्या हातामुळे लाखो बायकांची पायपीट वाचली, तो माणूस 'एक मेकॅनिक' म्हणून उरतो.

पत्रांमध्येही हेच होतं. पत्र लिहिणारा प्रामाणिक असतो, पण तो घरच्यांना लिहीत असतो. नातवाला हत्ती दिसला का हे हवं असतं, मुलीला आईची तब्येत हवी असते. त्यामुळे पत्रात रस्ता येतो, ऊन येतं, लहान मुलांचं हसू येतं. गाडीत पुढे बसलेला, तीन भाषा बोलणारा, 'या अधिकाऱ्याकडे आज जाऊ नका, गुरुवारी जा' असं सांगणारा माणूस 'आमचा ड्रायव्हर' किंवा 'आमचा मित्र' म्हणून येतो. इतिहासकाराने पत्र वाचायचं ते या माणसासाठी. घानातले बिली जॉन्सन आपल्याला नावानिशी कळतात, कारण त्यांच्या मंडळ्या एवढ्या मोठ्या होत्या की त्यांना वगळून गोष्ट सांगताच येत नव्हती. बाकीचे बहुतेक वगळले जातात.

मग या जोडप्यांचं मोल कमी होतं का? मला तसं वाटत नाही. ह्यूम यांच्याशी तुलना करा. ह्यूम यांच्याकडे भाषा होती, पन्नास वर्षं होती आणि सत्ता होती. आजच्या जोडप्याकडे भाषा नाही आणि अठरा महिने म्हणजे अठ्ठ्याहत्तर आठवडे आहेत. सुरुवातीचे आठवडे रस्ते आणि माणसं ओळखण्यात जातात, शेवटचे पुढच्या जोडप्याला सगळं समजावण्यात. मधे उरतात साठेक. भाषा नसल्यामुळे त्यांना दर पावलाला स्थानिक माणसाला विचारावं लागतं. मुदत असल्यामुळे मालक होता येत नाही. जी उणीव आहे, तिच्यातच एक लगाम आहे. पण हा लगाम आपोआप काम करत नाही. स्थानिक माणूस नुसता दुभाषा राहिला, तर जोडपं विमानात बसतं आणि काम तिथेच संपतं. आफ्रिकेत कोणत्याही वेळी सुमारे एक तृतीयांश हातपंप बंद असतात, असा अंदाज पाण्याच्या क्षेत्रातली मंडळी गेली काही वर्षं मांडत आली आहेत. पंप बसवायला पैसा होता. वॉशर बदलायला माणूस, सुटा भाग आणि गावाची वर्गणी नव्हती. म्हणून चांगल्या प्रकल्पात आता आधी पाणी समिती होते, गावातल्या दोघा-तिघांना दुरुस्ती शिकवली जाते, आणि मग बोअर.

शेवटी आपल्याकडे बघू. आपल्याकडची किती आजी-आजोबा मंडळी सहा-सहा महिने न्यू जर्सीला नाहीतर सॅन होजेला जातात, बाळंतपणाला, नातवंडं सांभाळायला! त्यांचाही असाच आठवडा असतो : सोमवार ते शुक्रवार बाळ, शनिवारी बाजारहाट, रविवारी देऊळ. तीही सेवाच, पण घरच्यांची. युटातलं जोडपं तेच आठवडे नातवंडांपासून दूर, अनोळखी माणसांसाठी खर्च करतं, आणि त्या काळात जन्मलेलं नातवंड फोनवर बघतं. हा त्याग खरा आहे. त्यामागे श्रद्धा आहे, आणि ती श्रद्धा आपल्याला मान्य असण्याची गरज नाही. पण त्या त्यागाची किंमत ठरवायची असेल, तर जोडप्याला विचारू नका आणि त्यांच्या पंथालाही विचारू नका. ते परत गेल्यावर दोन वर्षांनी त्या गावात जा आणि पंपाचा दांडा खाली-वर करून बघा. पाणी आलं, तर तो पंप चालू ठेवणाऱ्या माणसाचं नाव विचारा. आणि कृपा करून ते लिहून ठेवा.

आता प्रश्न घेऊया.